कोहा बसलं, पण मराठी पुस्तकं शोधात सापडत नाहीत (डेबियन १२)

वाचनालयवाली, डिचोली

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात देवळाच्या अग्रशाळेत (म्हणजे धर्मशाळेत) एक वाचनालय आहे. साडेपाच हजारांच्या आसपास पुस्तकं. बहुतेक मराठी, थोडी कोंकणी, आणि पोर्तुगीज पुस्तकांचं एक कपाट जे कोणी उघडत नाही. नाटकांच्या संहिता मात्र दिवाळीनंतर एकही जागेवर राहत नाही, कारण आसपासच्या जत्रांची निम्मी नाटकं आमच्याच कपाटातून निघतात. आजवरचा सगळा कारभार रजिस्टरवर, आणि रजिस्टरात नसलेला समितीतल्या एका आजोबांच्या डोक्यात.

समितीने ठरवलं, संगणकीकरण करायचं. पैसे नाहीत. मी पणजीला हिशेबाच्या कामात असते, घरी लिनक्स वापरते, त्यामुळे हे आपसूक माझ्या गळ्यात. एका कचेरीने मोडीत काढलेला डेस्कटॉप मिळाला: आय-थ्री, ८ जीबी रॅम. त्यात नवी एसएसडी घातली, डेबियन १२ बसवलं (डेस्कटॉप न घेता, नुसतं सर्व्हर म्हणून), मारियाडीबी हा डेटाबेस घेतला, कोहाची (वाचनालयाचा कारभार सांभाळणारी मुक्तस्रोत प्रणाली) रिपॉझिटरी जोडून कोहा-कॉमन घेतलं आणि 'वाचनालय' नावाचा इन्स्टन्स, म्हणजे कोहातलं आमचं स्वतंत्र खातं, तयार केला.

सुरुवातीला ग्रंथपालाचा भाग उघडतच नव्हता. ते सुटलं, तरी पुढच्या कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिते. अपाची या वेब सर्व्हरच्या पोर्ट्स फाइलमध्ये 'लिसन ८०८०' ही ओळ आपल्याला हाताने घालावी लागते, अपाचीची मूळची डिफॉल्ट साइट बंद करावी लागते, आणि रीराइट व सीजीआय ही मॉड्यूल चालू असावी लागतात. वेब इन्स्टॉलरला लागणारं नाव म्हणजे 'कोहा', मग अधोरेखा, मग इन्स्टन्सचं नाव. पासवर्ड 'कोहा-पासडब्ल्यूडी' या आज्ञेने दिसतो.

आता खरी अडचण. नमुन्यादाखल थोडी पुस्तकं भरली. बारकोड टाकला की पुस्तक येतं. इंग्रजी नाव टाकलं की येतं. मराठी शब्द टाकला की एक तर काहीच येत नाही, नाही तर भलतंच येतं. नोंद उघडून पाहिली तर देवनागरी अगदी स्वच्छ दिसते. म्हणजे डेटाबेसमध्ये आहे, शोधात नाही.

आणखी दोन गोष्टी. एका मुलाने पूर्वी निम्म्या पुस्तकांची एक्सेल यादी करून ठेवलीय, पण ती जुन्या शिवाजी फाँटात. आणि आमच्याकडे मे महिन्यापासून वीज कशी वागते ते इथल्यांना सांगायला नको. या दोन्हींचं काय करावं? शिवाय गावचे मुंबईकर विचारताहेत, यादी आम्हाला तिकडून दिसेल का.

---

कुंडई_रूट

ताई, बसवायचं काम तुम्ही नीट केलंय. राहिलेलं काम बसवण्याचं नाही, कोहाला देवनागरी वाचायला लावण्याचं आहे. तेवढं होईपर्यंत पुढची पुस्तकं भरू नका.

(प्रवासात आहे, फोनवर मराठी कळफलक आहे, म्हणून आज्ञा देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर अर्थात रोमन.)

कोहा शोधासाठी डेटाबेसमध्ये बघत नाही. झेब्रा नावाचं वेगळं इंजिन आहे, ते नोंदींची स्वतःची अनुक्रमणिका बांधतं आणि शोध तिच्यात होतो. शब्द कुठे तुटतो, कुठलं अक्षर कुठल्या अक्षरासारखं धरायचं, हे झेब्रा एका नकाशावरून ठरवतं. मुळात मिळणारा नकाशा लॅटिन लिपीच्या भाषांसाठी आहे. त्याच्या दृष्टीने तुमची पुस्तकं जवळजवळ कोरीच. म्हणून नोंद दिसते आणि शोध लागत नाही.

उपाय आयसीयू, म्हणजे जगभरच्या लिप्या हाताळणारी युनिकोडची नियमव्यवस्था. 'ईटीसी'मधल्या 'कोहा' फोल्डरात 'झेब्राडीबी', त्यात पुन्हा एक 'ईटीसी', त्यात 'डिफॉल्ट डॉट आयडीएक्स' फाइल. आधी तिची एक प्रत काढून ठेवा. मग उघडा. तिच्यात 'चारमॅप'ने सुरू होणाऱ्या ओळी दिसतील. शब्दांच्या भागातली ती ओळ हॅश लावून बंद करा आणि खाली 'आयसीयूचेन' लिहून पुढे 'वर्ड्स-आयसीयू डॉट एक्सएमएल' द्या. वाक्यांशांच्या भागात तसंच, पण फाइल 'फ्रेजेस-आयसीयू'. मग झेब्रा पुन्हा सुरू करायचं आणि 'कोहा-रीबिल्ड-झेब्रा'ला एफ आणि व्ही हे पर्याय व इन्स्टन्सचं नाव देऊन सगळी अनुक्रमणिका नव्याने बांधायची. साडेपाच हजार नोंदींना चहा होईपर्यंतचा वेळ लागेल. कोहाच्या सिस्टिम प्रेफरन्समध्ये 'यूज आयसीयू स्टाइल कोट्स' आहे, तेही चालू करा, नाही तर विषयांच्या दुव्यांवर टिचकी मारल्यावर गोंधळ होतो.

इथवर बरेच जण येतात आणि थांबतात. मराठीची खरी मेख यापुढे आहे.

त्या 'वर्ड्स-आयसीयू' फाइलमध्ये नियम एकाखाली एक लिहिलेले असतात आणि प्रत्येक शब्द त्या क्रमाने त्यांतून जातो. तिच्यात 'नॉनस्पेसिंग मार्क' काढून टाका असं सांगणारा नियम आहे का ते बघा. युरोपी भाषांसाठी तो सोयीचा, कारण अक्षरांवरची चिन्हं उडतात आणि साध्या अक्षराने शोध लागतो. पण युनिकोडच्या हिशेबात आपला उकार, दीर्घ ऊकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचं चिन्ह ही सगळी 'नॉनस्पेसिंग'! काना आणि दोन्ही वेलांट्या मात्र वेगळ्या गटात, त्या राहतात. म्हणजे तो नियम असेल तर 'फुले', 'फूल' आणि 'फल' हे तिन्ही शब्द झेब्राच्या लेखी 'फल'. म. फुले शोधायला जाल आणि फळबागेची पुस्तकं हातात येतील. काही जण म्हणतात, असू दे, त्या निमित्ताने 'गुरु' आणि 'गुरू' एक होतात. होतात खरे, पण 'गोमंतक' आणि 'गोमन्तक' तरीही एक होत नाहीत, एकाचा अनुस्वार जातो आणि दुसऱ्यातला 'न' उरतो. तेव्हा हा सौदा आतबट्ट्याचा. नियम दिसला तर बंद करा.

मग ऱ्हस्वदीर्घाचं काय? आपल्या वाचकांकडून शुद्धलेखनाची अपेक्षा धरून वाचनालय चालत नाही, आणि जुन्या मुखपृष्ठांवरचं लेखन तर आजच्याहून वेगळंच. त्यासाठी त्याच फाइलमध्ये 'ट्रान्सलिटरेट'ची ओळ घालता येते: दीर्घ ऊकार दिसला की ऱ्हस्व धर, दुसरी वेलांटी दिसली की पहिली धर. हा नियम नोंदीलाही लागतो आणि वाचकाने टाकलेल्या शब्दालाही, त्यामुळे दोन्ही बाजू आपोआप जुळतात. छापलेली नोंद जशीच्या तशी राहते, बदलते फक्त अनुक्रमणिका. 'दिन' आणि 'दीन' एक होतील. होऊ देत. याच ओळीत 'न्त'चा 'ंत', 'म्ब'चा 'ंब' अशा जोड्या घाला, म्हणजे गोमंतकाचाही प्रश्न मिटला.

आणखी एक चकवा, 'वाऱ्यावर'मधला 'ऱ्य'. कोणी 'र', हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून टंकतं, कोणी नुक्त्याचा 'ऱ' वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला दोन वेगळे शब्द. पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर करणारी जोडी तिथेच घाला.

प्रत्येक बदलानंतर अख्खी अनुक्रमणिका बांधत बसू नका. 'याझ-आयसीयू' नावाचं छोटं साधन आहे, त्याच नावाच्या पॅकेजमध्ये मिळतं. त्याला सी पर्यायाने ती एक्सएमएल फाइल द्यायची आणि शब्द टंकायचा. नियमांतून बाहेर पडल्यावर शब्दाचं काय झालं ते समोर दिसतं. पाचपन्नास शब्द तिथे घासून घ्या, मगच झेब्राला हात लावा.

आणि हे लिहून चिकटवून ठेवा: कोहाची नवी आवृत्ती मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. अपग्रेड करताना 'तुम्ही बदललेली फाइल ठेवू की पॅकेजची नवी घेऊ' असं डेबियन विचारतं. तुमचीच ठेवा म्हणायचं. घाईत नवी घेतली की मराठी शोध पुन्हा गायब, आणि कोणालाच कळत नाही काल चालणारं आज का थांबलं.

मुंबईकरांचं आत्ता मनावर घेऊ नका. घरगुती ब्रॉडबँडला बऱ्याचदा स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसतो. आणि ८०८० वरचा ग्रंथपालाचा भाग इंटरनेटवर उघडा टाकणं तर कधीच नको. यादी भरून झाली की वाचकांचा भाग तेवढा बाहेर दाखवायचं बघू.

---

सूचीकार_मडगाव

कुंडईकरांनी शोधाचं सांगितलं ते पूर्ण आहे. मी ग्रंथालयातच असते, म्हणून यादीबद्दल.

शिवाजी फाँटातली एक्सेल तशीच आत ओढू नका. ती देवनागरी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आहेत, फाँट काढला की नुसता कचरा. परिवर्तकाने आधी युनिकोडमध्ये आणा आणि मग डोळ्यांखालून घाला. रफार, 'ष्ट', 'श्र', 'त्र' आणि पहिली वेलांटी इथेच परिवर्तक हमखास चुकतात. निम्म्या यादीत एवढ्याच जागा तपासल्या तरी बराचसा माल शुद्ध होतो.

मग स्तंभांवरून मार्क नोंदी बनवायच्या (मार्क म्हणजे ग्रंथालयांचा नोंदींचा ठरलेला साचा, त्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाचं क्षेत्र असतं). मार्कएडिट त्यासाठी चांगलं, फुकट मिळतं (मुक्तस्रोत नाही, ते एक असो). शीर्षक २४५ मध्ये, लेखक १०० मध्ये, प्रतीची माहिती ९५२ मध्ये, बारकोड त्यातल्याच 'पी' उपक्षेत्रात. नोंदीच्या लीडरमध्ये (सुरुवातीच्या संकेतांच्या ओळीत) नवव्या स्थानावर 'ए' हे अक्षर आहे का ते आवर्जून बघा. त्याचा अर्थ नोंद युनिकोडमध्ये आहे. ती जागा रिकामी राहिली तर कोहा ती नोंद जुन्या मार्क-८ संकेतातली धरतं आणि तुमच्या देवनागरीची भाजी होते. आधी दहा-वीस नोंदींची फाइल आत घ्या. कोहात आयात दोन पायऱ्यांत होते, आधी नोंदी मंचावर येतात आणि मग पक्क्या होतात. मंचावरच बघून घ्या.

भाषेचा संकेत रिकामा सोडू नका, तुमच्याकडे तर नाहीच. मराठी आणि कोंकणी दोन्ही देवनागरीत, नुसत्या अक्षरांवरून संगणकाला फरक कळत नाही. बा. भ. बोरकरांनी दोन्ही भाषांत लिहिलं. लेखकाचं नाव टाकलं की दोन्हीकडची पुस्तकं एकत्र येणार, ती वेगळी करायची तर ००८ क्षेत्रातल्या ३५ ते ३७ या स्थानांवर 'एमएआर' किंवा 'केओके' हवं. पोर्तुगीज कपाटाला 'पीओआर'. आणि ते कपाट उघडा हो एकदा, वाळवी भाषा बघत नाही.

लेखकाचं नाव कसं लिहायचं ते आजच ठरवा. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, टिंबानंतर जागा सोडायची की नाही, सगळं एका कागदावर, आणि तो कागद भरणाऱ्या प्रत्येकाच्या समोर. शोधाचे नियम ऱ्हस्वदीर्घ सांभाळतील, पण एकाने 'बोरकर, बा. भ.' आणि दुसऱ्याने 'बाळकृष्ण भगवंत बोरकर' लिहिलं तर ते दोन लेखक झाले.

---

पेडण्याचा_स्पार्क

विजेचं मी सांगतो, धंदाच तो.

यूपीएस घ्याच, पण यूएसबी तार असलेला घ्या. नुसता बॅटरीवाला डबा संगणकाला काही सांगत नाही, बॅटरी संपली की दोघे एकदम झोपतात. यूएसबीवाला असेल तर डेबियनमध्ये 'नट' बसवा (नेटवर्क यूपीएस टूल्स), बॅटरी उतरत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन चालू व्हावं ही सेटिंग असते, तीही करून ठेवा, नाही तर रोज कोणाला तरी बटण दाबायला यावं लागेल.

गडगडाटाच्या दिवसांत फायबर असेल तर काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण राउटरचा अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटातच असतो आणि तिथून लॅनच्या तारेने सर्व्हरपर्यंत पोचते. राउटरही त्याच यूपीएसवर लावा. आणि अर्थिंग तपासून घ्या. जुन्या अग्रशाळांत तीन पिनांचा सॉकेट असतो, तिसऱ्या पिनेच्या मागे तार नसते.

---

कुंडई_रूट

स्पार्कबाबांच्या म्हणण्याला जोडून. वीज अचानक गेली तर मारियाडीबी बहुधा सावरतं, झेब्राची अनुक्रमणिका मात्र कधीकधी बिघडते. घाबरायचं नाही, ती डेटाबेसवरूनच बनते, पुन्हा बांधायची. जपायचा तो डेटाबेस.

कोहा रोजचा बॅकअप स्वतः घेतं, 'व्हार-स्पूल-कोहा'मध्ये इन्स्टन्सच्या नावाच्या फोल्डरात, आणि मुळात दोनच दिवसांचे ठेवतं. पण डेबियनची रोजची कामं सकाळी ६:२५ ला सुटतात. तुमचं वाचनालय संध्याकाळचं, मशीन रात्री बंद करत असाल तर ६:२५ ला बॅकअप घ्यायला कोणी जागंच नाही. 'अॅनाक्रॉन' बसवा. ते चुकलेली कामं मशीन चालू झाल्यावर उरकतं. फोल्डरात आजच्या तारखेच्या दोन फाइली आहेत का ते बघायचं, एक एसक्यूएलची आणि एक टारची. दोन्ही आठवड्याला पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह अग्रशाळेत ठेवायचा नाही.

---

वाचनालयवाली, डिचोली

शोध लागला! आयसीयू लावल्यावर लगेच फरक पडला. तो नॉनस्पेसिंगवाला नियम माझ्या फाइलमध्ये होता की नाही ते 'याझ-आयसीयू'नेच दाखवलं: 'फुले' टंकलं, बाहेर 'फल' आलं. नियम बंद केला, 'फुले' तसंच्या तसं बाहेर. मग ऱ्हस्वदीर्घाची ओळ घातली. आता समितीतले आजोबा 'कीर्तन' पहिल्या वेलांटीने टंकतात तरी सापडतं, आणि ते म्हणतात संगणकाला मराठी येतं.

अॅनाक्रॉन नव्हतं. बॅकअपचं फोल्डरही बघितलं, रिकामं होतं. आता रोज फाइली येताहेत. यूपीएसचं समितीपुढे मांडलंय. पोर्तुगीज कपाट उघडलं, वाळवी नाही, झुरळं आहेत.

सूचीकार ताई, एक विचारायचं राहिलं. नाटकाच्या संहिता माणसाच्या नावावर जात नाहीत, मंडळाच्या नावावर जातात. एका नाटकाच्या सात-आठ प्रती एकदम, आणि परत येतात त्या जत्रेतला प्रयोग झाल्यावर. प्रत्येक गावाची जत्रा वेगळ्या तिथीला. कोहात याला पंधरा दिवसांची मुदत कशी लावू?

---

सूचीकार_मडगाव

लावूच नका. वाचकांच्या वर्गांत 'ऑर्गनायझेशनल' हा प्रकार आहे, त्यात 'नाट्यमंडळ' वर्ग करा आणि प्रत्येक मंडळाला एक सभासद म्हणून नोंदवा, संपर्काला दिग्दर्शकाचा फोन. पुस्तकांच्या प्रकारांत 'नाट्यसंहिता' वेगळा प्रकार. मग देवघेवीच्या नियमांच्या तक्त्यात या दोघांच्या जोडीला वेगळी ओळ: एका वेळी वीस प्रती, दंड शून्य, मुदत ढोबळ साठ दिवस. बाकीच्या वाचकांना तुमची नेहमीचीच ओळ लागू राहते.

जत्रेच्या तिथीसाठी 'स्पेसिफाय ड्यू डेट' हे प्रेफरन्स चालू करा. म्हणजे प्रती देताना परतीची तारीख तिथल्या तिथे हाताने घालता येते. मंडळ आलं की प्रयोगाची तारीख विचारायची आणि तिच्या चार दिवस पुढची टाकायची. प्रत्येक प्रतीला स्वतंत्र बारकोड हवा, आठही प्रतींना एकच चिकटवू नका, कारण सात परत येतात आणि आठवी कोणाच्या पिशवीत राहिली ते त्यावरूनच कळतं. प्रतीच्या नोंदीत कॉपी क्रमांकाचंही क्षेत्र आहे, तिथे भूमिकेचं नाव लिहू नका, नुसता आकडा.